ट्रकातली अंडी

खाण बंद झाली त्या वर्षापासून
टिपर अंगणातच आहे.
चाकांभोवती घाणेरी वाढली
आणि तांबड्या कोंबडीनं ड्रायव्हरच्या सीटवर
आपला संसार थाटला.

मी वहीत लिहिते:
जमा, ट्रक, अंडी सहा.
प्रेमानंद वाचतो, हसत नाही.
मग एकदम हसतो,
आणि तेवढ्यावर ती रात्र निभावते.

वही नेहलची, गेल्या इयत्तेतली.
पुढून तिचे गुणाकार,
मागून माझ्या वजाबाक्या.
मध्ये कुठंतरी दोघी भेटू
तेव्हा नवी घ्यावी लागेल.
तेही लिहून ठेवलंय, वीस रुपये.

पाच तारखेला सोसायटीचा हप्ता.
तो आधी, तांदळाच्याही आधी.
उरलेल्यातून गॅस, वीज,
सासूबाईंच्या डायबेटिसच्या गोळ्या,
नेहलची व्हॅन.
व्हॅन जूनपासून बंद केली.
आता ती चालत जाते, म्हणते,
बरं झालं, वाटेत मयेचं तळं दिसतं.
व्हॅनमधूनही दिसायचं.
मला माहीत आहे.

पोदेराचा भोंपू वाजला की
मी आतूनच सांगते, चार पाव.
जुझे पाचवा ठेवून जातो.
त्याची सायकल वळणापार होईपर्यंत
मी दाराबाहेर येत नाही.
पाचवा पाव कुठल्या रकान्यात लिहावा
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रेमानंद पणजीत दुसऱ्याची गाडी चालवतो.
स्कूटर चोडणच्या धक्क्यावर ठेवून
फेरीबोटीत पायी चढतो.
एवढी रुंद मांडवी, आणि पायी माणसाला फुकट!
रात्री घरी येऊन असं सांगतो
जणू पिशवीत काही आणलंय.

एकदा खरंच आणलं, बांगडे, महिनाअखेरीला.
मी म्हटलं, सुकं खारं होतं की घरात.
तो म्हणाला, माणसानं जगायचं की नुसतं फेडायचं?
सासूबाईंनी रेडिओ मोठा केला.
मी बांगडे धुतले, डोकी वेगळी केली,
चुलीकडे बघतच विचारलं,
तळू की हुमण करू?
बराच वेळ काही नाही.
मग मागून आवाज आला,
हुमण. दोन वेळा पुरतं.

सगळ्यात अवघड आकडा पाच होता.
चवथीचे पाच दिवस, पाच दिवसांची माणसं,
नेवऱ्या, भजनाला येणाऱ्यांचा चहा.
तांदूळ निवडताना सासूबाईंना म्हटलं,
यंदा दीड दिवस करूया.
त्यांनी एक खडा बाजूला काढला.
मग आणखी एक.
सुपात आता खडा नव्हता
तरी बोट फिरत राहिलं.
"माटोळी मात पुराय जाय," म्हणाल्या,
"रानाक बिल येना."

बाप-लेक बंद खाणीच्या कडेनं वर गेले,
कांगलां, आंबाडे, तोरिंगां,
पाठीवर वाहून आणलं.
इतकी भरली माटोळी
की दोरीला आणखी एक गाठ मारावी लागली.
देव दीड दिवस राहिला.
निघताना नेहल त्याच्या कानाशी कुजबुजली.
काय मागितलंस?
मागितलं नाही, म्हणाली,
किती हप्ते उरलेत ते सांगितलं.

नोव्हेंबरात भंगारवाला आला.
टिपर ओढत नेला तेव्हा प्रेमानंद
विहिरीपाशी तोंड धूत होता,
नको इतका वेळ.
पैसे दुपारपर्यंत सोसायटीत.
अंगणात तेलाचा काळा चौकोन उरला,
त्यावर गवत नाही.
तांबडी कोंबडी दिवसभर तिथंच फिरली,
मान वाकडी करून वर बघत,
जिथं सीट असायची तिथं.

हप्ते एकोणीस.

रात्री वही उघडली तर
माझ्या पानावर नेहलचं अक्षर:
खर्च, ट्रक, अंडी बंद.
खाली बेरजेची रेघ ओढलीय,
रेघेखाली काही लिहिलेलं नाही.